वेब पुश सूचना एकगठ्ठा पाठवताना विनंती अर्ध्यातच टाइमआउट होते. रचना कशी सुधारावी?

प्रश्न

नमस्कार. नोंदणी केलेल्या वाचकांना एकाच वेळी सूचना पाठवणारे एक वेब ॲप मी चालवतो. प्रशासकाने मजकूर लिहून ‘पाठवा’ हे बटण दाबले की सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेसमधून सदस्यांची यादी वाचतो आणि त्याच विनंतीत लूप चालवून एकेकाला वेब पुश (ब्राउझरमार्फत दिसणारी सूचना) पाठवतो. सदस्य काही शेकडा होते तोवर हे सुरळीत चालले. आता संख्या ४०,०००च्या घरात गेल्यामुळे विनंती मध्येच टाइमआउट होते. प्रशासक पुन्हा बटण दाबतो आणि मग काही जणांना तीच सूचना दोनदा मिळते, तर यादीच्या शेवटी असलेल्यांना एकदाही मिळत नाही. अधिक क्षमतेचा सर्व्हर घ्यावा, की रचनाच बदलावी?

उत्तर १

सर्व्हर वाढवल्याने टाइमआउट थोडा पुढे ढकलला जाईल, एवढेच. खरी अडचण अशी आहे की कोणाला पाठवून झाले आणि कोण राहिले याची नोंद कुठेच नाही. ती केवळ चालू असलेल्या लूपमध्ये आहे आणि लूप थांबला की तीही जाते.

बटण दाबल्यावर सर्व्हरने प्रत्यक्ष काहीही पाठवू नये. एका तक्त्यात प्रत्येक सदस्यासाठी एक ओळ तयार करावी, तिची स्थिती ‘प्रलंबित’ ठेवावी आणि लगेच प्रतिसाद द्यावा. मोहीम क्रमांक (एकगठ्ठा पाठवायच्या प्रत्येक सूचनेचा क्रमांक) आणि सदस्यत्व क्रमांक या जोडीवर युनिक निर्बंध, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न येऊ देणारा नियम, घालावा. बटणाच्या फॉर्मसोबत मोहीम क्रमांक आधीच पाठवलेला असला, तर ते कितीही वेळा दाबले तरी त्याच ओळी पुन्हा तयार होणार नाहीत. पाठवण्याचे काम पार्श्वभूमीत चालणाऱ्या वेगळ्या वर्कर प्रक्रियेकडे सोपवावे. तिने ‘सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ (दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळी वगळून उरलेल्या लॉक करणारी आज्ञा) वापरून थोड्या थोड्या ओळी उचलाव्यात. ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे एवढ्या कामासाठी वेगळा रांग-सर्व्हर उभारण्याची गरज मला तरी दिसत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र एक दुरुस्ती सुचवतो. ओळी लॉक करून, ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधील व्यवहार) उघडे ठेवूनच पुश सेवेला, म्हणजे सूचना ब्राउझरपर्यंत नेणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरला, विनंत्या पाठवू नयेत. ती सेवा मंदावली की ट्रान्झॅक्शन लांबते आणि डेटाबेसची जोडणी अडकून राहते. त्याऐवजी ओळीवर ‘घेतली’ अशी खूण आणि वेळ नोंदवून ट्रान्झॅक्शन लगेच संपवावे, मग पाठवावे आणि शेवटी निकाल लिहावा. ठरावीक काळ ‘घेतली’ याच अवस्थेत राहिलेली ओळ दुसऱ्या वर्करने पुन्हा उचलावी.

सूचना पाठवल्यानंतर, पण निकाल लिहिण्यापूर्वी वर्कर बंद पडला, तर ती सूचना दुसऱ्यांदा जाईलच. ही फट पूर्णपणे बुजवता येत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये सूचना दाखवताना ‘टॅग’ या पर्यायात मोहीम क्रमांक द्यावा. वाचकाने पहिली सूचना अजून बाजूला सारली नसेल, तर त्याच टॅगची दुसरी सूचना तिच्याशेजारी न येता तिची जागा घेते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. वर्कर वेगळा केला आहे. आता पुश सेवेच्या प्रतिसादांविषयी विचारतो: ४१० आणि ४२९ हे दोन्ही प्रतिसाद-क्रमांक मी ‘अयशस्वी’ म्हणून नोंदवून पुन्हा पाठवतो. हे योग्य आहे का? शिवाय प्रशासकाला ‘पोहोचले’ हा आकडा हवा आहे.

उत्तर २

त्या दोन प्रतिसादांना एकाच मापाने मोजू नये. ४१० किंवा ४०४ आला, तर ते सदस्यत्व संपले आहे. ते यादीतून काढावे, पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. जुन्या याद्यांत असे मृत पत्ते बरेच साठलेले असतात आणि ते वगळल्यावर मोहिमेचा वेळही कमी होतो. ४२९ म्हणजे तुमचा वेग जास्त झाला आहे. सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हे हेडर आले असेल, तर तेवढे थांबावे. नसेल तर, तसेच ५०० च्या घरातील त्रुटींसाठीही, प्रत्येक प्रयत्नागणिक थांबण्याचा काळ दुप्पट करावा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, म्हणजे सगळे वर्कर एकाच क्षणी पुन्हा तुटून पडणार नाहीत. प्रयत्नांना मर्यादा मात्र हवीच.

‘पोहोचले’ हा शब्द पडद्यावरून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुश सेवेचा २०१ हा प्रतिसाद संदेश स्वीकारल्याचे सांगतो. वाचकाचे उपकरण बंद असेल, तर संदेश टीटीएलने (संदेश किती सेकंद जपून ठेवायचा हे सांगणाऱ्या आकड्याने) ठरवलेल्या मुदतीपर्यंत तिथेच थांबू शकतो आणि नंतर टाकूनही दिला जातो. त्यामुळे ‘स्वीकारले’ आणि ‘उघडले’ असे दोन आकडे दाखवा. दुसरा आकडा सर्व्हिस वर्करमधील (वाचकाच्या ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्क्रिप्टमधील) क्लिकच्या घटनेवरून मिळतो. टीटीएलही मजकुरानुसार ठरवावा: तासाभरात शिळ्या होणाऱ्या सूचनेला ३६०० सेकंद पुरेत.

उत्तर ३

एक मुद्दा राहिला. वर्करची संख्या वाढवण्याआधी सूचनेतील दुवा ज्या पानावर नेतो, ते पान कॅशमध्ये (तयार प्रत म्हणून साठवलेले) आहे का हे तपासा. सूचना वेगाने गेल्या की वाचकही एकदमच येतात आणि मग पाठवणारे ॲप ठीक राहून मूळ संकेतस्थळच कोलमडते. ते पान कॅश करता येत नसेल, तर पाठवण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवणे हाच मार्ग उरतो.