नेस्टाला "माजोरडी" म्हणणाऱ्यांसाठी (सारा मासची फँटसी कादंबरी अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स, स्पॉयलर आहेत)

सायली_वाचते:
काल इथे पोस्ट वाचली, "नेस्टा म्हणजे बहिणीच्या पैशावर दारू ढोसणारी माजोरडी बाई, तिला नायिका करून सारा मासने सातशेच्या वर पानं फुकट घालवली." तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा काढतेय. अहो, युद्धात शत्रू असलेल्या हायबर्नच्या राजाने तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाची मान मोडली. त्यानंतर शेकोटीत लाकूड तडकलं तरी तिला तोच आवाज ऐकू येतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही ती खोलीत जाळ करत नाही. एवढं वाचूनही तुम्हाला फक्त दारूचं बिल दिसलं? तिची धाकटी बहीण फेअरा, आधीच्या पुस्तकांची नायिका, सगळ्यांसाठी जीव टाकते म्हणून ती दुखावली की सगळ्यांना कळवळा. जी दुखावल्यावर तोंडाला येईल ते बोलते, माणसं तोडते, तिने बरं व्हायचंच नाही का?

रोहन_के:
ती पोस्ट माझीच. बरी होऊ दे की, कोण नको म्हणतंय? पण मालिकेतलं पहिलं पुस्तक आठव. फेअरा 14 वर्षांची असल्यापासून जंगलात शिकार करून घर चालवत होती आणि ही थोरली झोपडीत बसून टोमणे मारत होती. तेव्हा ना युद्ध होतं ना कॉल्ड्रन, म्हणजे तिला माणसाची परीजातीतली करून टाकणारी ती जादूची कढई. ट्रॉमा म्हटलं की मागचं सगळं माफ, हे मला पटत नाही. मीही घरात थोरला, बाबांचं दुकान बसलं तेव्हा बारावीनंतर कामाला लागलो, धाकट्याला शिकवलं. रुसून बसायची मुभा मला कोणी दिली नाही.

अनघा_नाशिक:
रोहनदादा, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण ती आळसाने बसली नव्हती. बाप कधीतरी उठून पोरींसाठी हातपाय हलवतो का हे तिला बघायचं होतं, त्यापायी उपाशी मरायचीही तयारी होती. चूक होतं, मान्य. मला खरी चीड येते ती पुढच्या "उपचारा"ची. फेअरा आणि तिच्या जवळच्यांनी आधीच ठरवून तिला बोलावलं, घर काढून घेतलं, म्हणे डोंगरावरच्या हाऊस ऑफ विंडमध्ये राहा नाहीतर माणसांच्या मुलखात परत जा. त्या घरातून खाली यायला 10,000 पायऱ्या! याला कैद म्हणतात. माझ्या मामाला असंच "लग्नाला चाललोय" सांगून गाडीत घातलं आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात सोडून आले. तिथे मारहाण व्हायची. परत आल्यावर दारू सुटली नव्हतीच, वर माझ्या आईशी बोलणं कायमचं सुटलं.

विजया_मावशी:
अनघा, मामांचं फार वाईट झालं गं. पण दुसरी बाजूही ऐक. माझे मिस्टर प्यायचे. त्यांचं त्यांना कळेल म्हणून मी वाट बघत राहिले आणि घरातलं एकेक भांडं विकलं गेलं. शेवटी दिरांना, नणंदेला बोलावून समोर बसवलं आणि पैसे बंद केले, सासूबाईंनी मला काय काय शिव्या घातल्या! पुढे मिस्टर पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेले, तिथे पेशंटच्या बायकांसाठीही सहचरी गट आहे, त्याने मी सावरले. फेअराने बहिणीला मरू द्यायला हवं होतं का?

अनघा_नाशिक:
मरू द्या असं मी कुठे म्हटलं? तुमचे मिस्टर स्वतःच्या पायाने गेले, मामाला फसवून नेलं. तुम्ही दोन्ही एकाच मापाने मोजताय आणि वर मलाच विचारताय.

विजया_मावशी:
स्वतःच्या पायाने? दोन दीर धरून घेऊन गेले होते! ज्याच्या घरात जळतं त्यालाच कळतं, पुस्तकं वाचून नाही.

निनाद_डोंबिवली:
अहो, नेस्टावर धागा आहे ना हा? आणि जाता जाता, मराठीत असली जाडजूड फँटसी रोमान्स कोणी छापत का नाही? माझ्या बहिणीला इंग्रजी जड जातं, तिने काय वाचायचं?

सायली_वाचते:
निनाद, त्यावर वेगळा धागा काढ, मी येते भांडायला. मावशी, अनघा, तुम्ही दोघी ज्यावर भांडताय ते पुस्तकातच आहे. कोंडल्याने ती बरी होत नाही. सुरुवातीला तिला लढाई शिकवणारा योद्धा कॅसियन ट्रेनिंगला नेतो तर ही दगडावर बसून राहते. मग त्या घराखालच्या लायब्ररीतल्या अत्याचार सोसलेल्या पुजारिणींसाठी ती स्वतः ट्रेनिंगला नाव नोंदवायचा कागद लावते, रोज जाऊन बघते, कागद कोराच. एके दिवशी त्यावर त्यांच्यातल्याच ग्विनचं नाव दिसतं. तिथून पुस्तक फिरतं. पंखवाल्या जमातीतली, पण पंख छाटलेली एमरी येते, तिघी मिळून तलवार शिकतात. बंदी आधी होती हे खरं, पण बरं केलं ते मैत्रिणींनी.

रोहन_के:
तो कागदाचा भाग चांगला आहे, तेवढं देतो. पण गरोदर फेअराला "बाळंतपणात तू मरणार" हे तिने भांडणात तोंडावर फेकलं, ते कुठल्या ट्रॉमात बसवायचं?

अनघा_नाशिक:
आणि ऱ्हिसँडने ते बायकोपासूनच लपवलं होतं, सगळ्यांना माहीत, फक्त जिच्या पोटात बाळ तिला नाही! शिक्षा मात्र सांगणारीला, पाठीवर ओझं देऊन डोंगर चढायला लावले.

रोहन_के:
लपवणं चूकच, त्यावर वाद नाही. पण तिने बहिणीच्या भल्यासाठी सांगितलं नाही, तिला लागावं म्हणून सांगितलं.

विजया_मावशी:
रागात का होईना, सांगितलं तिनेच. अनघा, मामा आता कसे आहेत?

अनघा_नाशिक:
गावाला एकटे असतात. मी फोन करते अधूनमधून. आई अजून करत नाही.