तोल जातो म्हणून सायकल सोडायची का? बडोद्यात रेकंबंट ट्राइक कितपत चालेल?

रावपुरावासी
आमचे दादा ७१ वर्षांचे. खंडेराव मार्केटची भाजी, बँक, लायब्ररी, सगळं आयुष्यभर सायकलवर. हल्ली तोल जातो म्हणून डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. घरातल्यांचा सूर 'आता रिक्षाने जा' असा. मला ते पटत नाही. रेकंबंट ट्राइक घ्यावी. पुढे दोन चाकं, मागे एक. पाठ टेकून रेलायचं आणि पाय समोर लांबवून पेडल मारायचं. सिग्नलला पाय टेकायला नको, अगदी पायी चालण्याच्या वेगाने गेलं तरी पडायची भीती नाही. उभ्या बैठकीची तीनचाकी सायकल इथे मिळते, पण तिला वळणावर कलता येत नाही. जरा वेगात वळलं की आतलं चाक उचलतं. रेकंबंटमध्ये वजन जमिनीलगत असतं, म्हणून ती पक्की बसते. बडोदं तर तळहातासारखं सपाट. मग हरकत काय?

चेनकव्हर
हरकत मोजून सांगतो. लांबी दोन मीटरच्या आसपास, रुंदी ऐंशी सेंटीमीटर धरा. रावपुऱ्यातल्या जुन्या घरांचे ओटे आणि पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. ते धूड रोज आत कोण घेणार? दादा?
दुसरं, खड्डे. दुचाकीची रेघ एक, ती खड्ड्याच्या कडेने काढता येते. हिच्या रेघा तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही अंगांनी काढलीत की मागचं नेमकं मधोमध पडणार.
तिसरं, दुरुस्ती. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात, म्हणून रिमवरचा साधा ब्रेक बसत नाही. ड्रम किंवा डिस्कच हवा. चेन साध्या सायकलीच्या जवळपास तिप्पट लांब. मांडवीतला मिस्त्री पंक्चर काढून देईल, त्यापुढे हात जोडेल. रोजची सायकल कोपऱ्यावर दुरुस्त व्हायला हवी. आणि परदेशातून आणायची म्हणजे काही लाख, वर कस्टम ड्यूटी. तेवढ्यात दादांची उरलेल्या जन्माची रिक्षा होईल.

अकोटाकर
चेनकव्हर, रिक्षाचा हिशेब चुकीच्या खात्यात मांडताय. दादांना नुसतं मार्केटला पोहोचायचं नाहीये, पाय हलवायचेत.
'एवढ्या खाली बसलेला माणूस मोठ्या गाडीवाल्याला दिसणार कसा' हे आता कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. दिव्यांगांची हाताने फिरवायची तीनचाकी आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षं आहे. दिव्यांगांसाठी साधनं बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को १९७२ साली स्थापन झाली, तिच्या तीनचाक्या तुम्ही पाहिल्याच असतील. लोक त्यांना वाट देतात. ट्राइकला मागे उंच काठीवर झेंडा लावायचा, झालं.

शंकासुर
मुळात हे प्रकरण अडवलं शर्यतवाल्यांनी. १९३३ साली फ्रान्सिस फोरने चार्ल्स मोशेच्या रेकंबंट सायकलवर एका तासात ४५ किलोमीटर पार केले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, सायकलची व्याख्या अशी आवळली की रेकंबंट शर्यतीबाहेर. नाहीतर आज लुधियान्याच्या सायकल कारखान्यांत धडाधड बनल्या असत्या.

चेनकव्हर
शंकासुर, दादा भाजीला चाललेत, विक्रमाला नव्हे. झोपून बसण्याचा फायदा वारा कापण्यात, आणि तो कळायला चांगला वेग लागतो. संध्याकाळी न्यायमंदिर ते मांडवी तसा वेग कुणाला मिळाला तर सेव उसळ माझ्याकडून.
पावसाळ्याचं तर अजून कुणी बोललंच नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं की बसल्या जागी अंघोळ. आणि मगरींची विश्वामित्री नदी चढल्यावर नजर थेट मगरीच्या नजरेला!

फिजिओताई
मगर राहू द्या बाजूला. आधी हे सांगा, तोल जातो तो चक्कर येऊन की पायातली ताकद कमी झाल्यामुळे? चक्कर असेल तर तीन चाकंही नकोत. गाडी पडणार नाही, पण भरकटेल, आणि शेजारून बस जात असेल.
ताकदीचा प्रश्न असेल तर दोन गोष्टी. पुढे दोन चाकं असलेल्या ट्राइकची सीट जमिनीपासून फूटभर, काहींची त्याहून खाली. तिथून सत्तरीतल्या माणसाने दिवसातून चारदा उठायचं म्हणजे चालवण्यापेक्षा उठणंच जड. दुसरं, पाय पेडलवर बांधलेले हवेत. चालत्या गाडीत पाय घसरून जमिनीला टेकला तर गाडी पुढे जाते, पाय सीटखाली ओढला जातो आणि घोटा मोडतो. टाचेला आधार देणारे पट्टे मिळतात. त्यांच्याशिवाय बसूच देऊ नका.
एक चाक पुढे, दोन मागे असा डेल्टा प्रकारही असतो. त्यात काहींची सीट खुर्चीच्या उंचीची. अकोटाकर, तुमची हाताची तीनचाकीही तशीच उंच असते, म्हणून ती दिसते.

रावपुरावासी
ताई, चक्कर नाही, डाव्या पायात जोर कमी. डेल्टाचा विचार केला नव्हता असं नाही, पण वळणावर ती पुढे दोन चाकंवालीइतकी पक्की नसते.

फिजिओताई
दादा वळणं घेणार ताशी आठ-दहाने. तेवढ्याला पुरेशी आहे. उठता येणं जास्त महत्त्वाचं.

अकोटाकर
जुनी बघणार असाल तर टायरच्या कडेवर ४०६ (रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) लिहिलंय का ते वाचा. ते छोट्या चाकांच्या बीएमएक्स सायकलचं माप आहे, इथे मिळून जाईल. नुसतं '२० इंच' ऐकून पैसे देऊ नका. ४५१ निघालं तर टायरसाठी वणवण.

चेनकव्हर
टायर मिळेल हो. रात्री ठेवणार कुठे, ते अजून एकानेही सांगितलेलं नाही. रावपुरावासी, दाराची चौकट मोजा आणि आकडा इथे टाका.