ऑलिव्हिए पडद्यावर कमी पडतो का?

नाट्यवेडा:
लॉरेन्स ऑलिव्हिए (१९०७–१९८९) थोर नट, वादच नाही. पण तो रंगमंचाचाच. १९६५चा 'ऑथेल्लो' बघा. नॅशनल थिएटरचा आदल्या वर्षीचा प्रयोग जवळपास जसाच्या तसा स्टुडिओत उभा केलेला. भूमिकेसाठी त्याने मेहनत घेऊन आवाज खूप खाली, म्हणे एक सप्तकभर, उतरवला. अंगाला काळा रंग लावून तो कापडाने घासून चकचकीत केला. ही मापं शेवटच्या रांगेसाठी घेतलेली. कॅमेरा तोंडाशी आला की तेच सगळं अंगावर येतं. उलट फ्रँक फिन्लेचा खलनायक इयागो रंगमंचावर फिका वाटला होता, पडद्यावर मात्र तोच भाव खाऊन जातो. ऑस्करचं नामांकन दोघांनाही होतं म्हणा.

क्लोजअप:
एका चित्रपटावरून निकाल? त्याचं दिग्दर्शनही ऑलिव्हिएचं नव्हतं, स्टुअर्ट बर्जचं होतं. त्याचा स्वतःचा 'हेन्री द फिफ्थ' (१९४४) घ्या. भाषण टिपेला जाताना कॅमेरा चेहऱ्याजवळ न्यायचा, ही नेहमीची रीत. त्याने उलट केलं: सुरुवात जवळून, आवाज चढत जाईल तसा कॅमेरा मागे. मोठ्या आवाजाला मोठी फ्रेम मिळाली, त्यामुळे तो कानाला टोचत नाही. 'हॅम्लेट'मध्ये (१९४८) तर स्वगताचा बराच भाग ओठ मिटून. आवाज नुसता मनातला, मध्येच काही शब्द तोंडून फुटतात. रंगमंचावर हे करून दाखवा!

नाट्यवेडा:
ही दिग्दर्शकाची हुशारी झाली. आणि त्याच 'हॅम्लेट'मधून मूळ नाटकातली रोझेनक्रान्ट्झ, गिल्डनस्टर्न, फोर्टिन्ब्रास ही तिन्ही पात्रं गायब, ते विसरू नका.

प्रॉम्प्टर:
तुलनाच करायची तर एकच भूमिका दोन्हीकडे बघा. 'द एंटरटेनर'मधला आर्ची राइस: लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला १९५७, चित्रपट १९६०. म्युझिक हॉलचा, म्हणजे गाणी-विनोदांच्या रंगमंचीय कार्यक्रमांचा, उतरती कळा लागलेला विनोदवीर. आर्ची स्वतःच वाईट नट आहे, त्यामुळे भडकपणा आर्चीच्या खात्यावर जमा होतो. कॅमेरा जवळ आला की तोंड हसतंय आणि डोळे विझलेले, एवढंच दिसतं आणि तेवढं पुरतं.

ऑलिव्हिए भूमिका बाहेरून आत बांधायचा. आधी नाक, चाल, आवाज, माणूस नंतर. लांबून सांधे दिसत नाहीत, जवळून दिसतात. जिथे पात्रच सोंग घेतं तिथे ते सांधे भूमिकेत जिरून जातात: तिसरा रिचर्ड (१९५५), 'स्लूथ' (१९७२). ऑथेल्लो सोंग घेत नाही, म्हणून तिथे पंचाईत. (गोऱ्या नटाने काळा रंग फासणं आज बघवतच नाही, तो याहून मोठा मुद्दा.)

क्लोजअप:
मग 'वदरिंग हाइट्स'चा (१९३९) हीथक्लिफ? तो कुठे सोंग घेतो?

प्रॉम्प्टर:
तिथे दिग्दर्शक विल्यम वायलर होता. टेकवर टेक घेऊन त्याने नाटकी सवयी छाटल्या. सिनेमाकडे गांभीर्याने बघायला त्यानेच शिकवलं, हे ऑलिव्हिएने पुढे मान्यही केलं.

नाट्यवेडा:
म्हणजे कोणी कान धरून बसवल्याशिवाय जमत नव्हतं. मी वेगळं काय म्हणतोय?

क्लोजअप:
शिकला ना पण! 'हेन्री द फिफ्थ' त्याच्या पाचच वर्षांनंतरचा आहे.