पेशवे दफ्तरात एका गावाचे कागद शोधायचेत, सुरुवात कुठून करू?

वतनशोध: पुणे जिल्ह्यातल्या एका गावाचा १७५० ते १८५० या काळातला महसूल आणि इनामं यांचा माग काढतोय. मोडी बऱ्यापैकी वाचता येते. पुणे पुरालेखागारात नुसतं गावाचं नाव सांगून रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मिळतील का?

घडणीकर: गावाच्या नावावर भिस्त ठेवू नका. जुने कागद प्रांत, परगणा, तर्फ या जुन्या महसुली विभागांच्या हिशेबाने चालतात, आजच्या तालुक्याने नाही. शिवाय एकाच नावाची गावं ढीगभर. एखादी सनद किंवा वतनाचा कागद हाताशी असेल तर 'मौजे अमुक तर्फ तमुक प्रांत पुणे' ही ओळ आधी टिपून घ्या.

मग प्रांत अजमास, म्हणजे प्रांतवार जमाखर्चाचे अंदाज आणि हिशेब. गावाचा जमाखर्च तिथे सापडायची शक्यता जास्त. त्यानंतर घडणी, म्हणजे रोजच्या नोंदी खातेवार लावलेले कागद. रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) तारीख हातात आल्यावरच उघडा, नाहीतर बसाल पानं उलटत! टिपणात दफ्तर, रुमाल क्रमांक आणि पुडकं (रुमालातला छोटा गठ्ठा) तिन्ही लिहा. नुसत्या रुमालावरून कागद पुन्हा हाती लागत नाही.

सुहूरसन: खरी गोची तारखेत होते. या कागदांत सुहूर सन ही कालगणना, तिचा आकडा अरबी शब्दांत असतो, एकक आधी: 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३+७०+१००+१०००, सन ११७३. इसवी सन काढायला मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७७२-७३.

घाईत 'सबैन'चं 'तिसैन' (९०) वाचलं की कागद वीस वर्षं पुढे सरकतो. पेशव्याचं नाव पाहून चूक पकडू म्हणाल, तर ११७३च्या सुरुवातीला थोरले माधवराव आणि ११९३ला सवाई माधवराव! संवत्सर दिलं असेल तर मात्र लगेच उलगडा होतो: शके १६९४ नंदन, शके १७१४ परिधावी.

वतनशोध: आणि १८१८ नंतरचं?

घडणीकर: त्यासाठी मुंबईचं पुरालेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. महसूल खात्याचे खंड बघा. संदर्भात वर्ष, खंड आणि कंपिलेशन (एका विषयाच्या कागदांची फाइल) क्रमांक हवाच. इनामांची चौकशी १८५२च्या कायद्यानंतर जोरात झाली, तेव्हा त्या साली थांबू नका, पुढची काही वर्षंही चाळा. इंग्रजी सूचीत गावाच्या नावाची तीन-चार स्पेलिंगं धरून चला. 'व'ला कधी व्ही, कधी डब्ल्यू. शेवटचं 'ए' कधी असतं, कधी गायब.

सुहूरसन: आणि तालुक्याचा सर्व्हे सेटलमेंटचा (जमीन मोजून सारा ठरवल्याचा) छापील अहवाल आधी वाचा. तो जुन्या ग्रंथालयांतही मिळतो, पुरालेखागारातला वेळ वाचतो.