मदत हवी आहे: पतंगांच्या पायांतून डीएनए मिळाला नाही, कुठे चुकलं असेल?

सागवनकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे आणि आपल्या जंगलात काय काय आहे याची नोंदवही ग्रामसभा तयार करते आहे. झाडं, औषधी वनस्पती, मासे, पक्षी यांची पानं भरली. किड्यांचं पान कोरं होतं, ते मी आणि अकरावी-बारावीच्या पोरांनी अंगावर घेतलं. ग्रामसभेचा ठराव आहे, वनविभागाचं पत्रही आहे.

फुलपाखरं फोटोंवरून बरीचशी ओळखता आली. शाळेमागच्या लिंबूच्या झाडावरच्या अळ्या पोरांनी पाळल्या, तर एकाच झाडावरच्या अळ्यांतून कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या दोन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या माद्या निघाल्या. एक नरासारखी काळी-पांढरी, दुसरी कॉमन रोज या वेगळ्याच फुलपाखराची हुबेहूब नक्कल. नुसतं पंख बघून यादी केली असती तर एकाच्या दोन ओळी झाल्या असत्या.

अडलंय ते पतंगांपाशी. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर, पण पतंगांच्या दहा हजारांच्या वर. इकडे वाघाचा वावर आहे, त्यामुळे पोरांना घेऊन रात्री जंगलात जात नाही. जंगलाच्या काठावर रोपवाटिकेची खोली आहे, तिच्यासमोर पांढरी चादर ताणून दिवा लावतो. जुलैतल्या अमावास्येच्या आसपास, पाऊस नुकताच थांबलेला असला की अर्ध्या तासात चादर दिसेनाशी होते. त्यातली अर्धी पाखरं तपकिरी, आणि त्या तपकिरीत किती जाती आहेत हे माझ्या डोळ्यांना कळत नाही.

सागाची पानं खाणाऱ्या अळ्या मात्र इथं सगळ्यांच्या ओळखीच्या. पावसाच्या सुरुवातीला मोठ्या शिरा तेवढ्या ठेवून कोवळं पान फस्त करणारी एक. पावसाळा सरत आला की हिरवा भाग खरवडून पानाची नुसती जाळी करणारी दुसरी. पहिलीचा पतंग आम्ही घरात काढला. बसलेला असताना वाळक्या सालीच्या तुकड्यासारखा दिसतो. चिमट्याने वरचा पंख जरासा सरकवला तर खाली काळ्यावर गर्द केशरी पट्टा! ज्या पोरीने तो सरकवला, ती दहा मिनिटं तिथून हलली नाही.

मग डीएनए बारकोडिंगबद्दल वाचलं, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखायची पद्धत. वर्गणी काढून ३२ पतंगांचे पाय एका प्रयोगशाळेत पाठवले. डीएनएच्या अक्षरांचे वाचता येण्याजोगे क्रम आले फक्त ५. त्यांतले तीन नावानिशी जुळले. एकाला नाव मिळालं नाही. आणि एकाचं उत्तर आलं 'वोल्बाकिया'. हा पतंग नाही एवढं शोधल्यावर कळलं, पण पतंगाच्या पायातून तो आला कसा, हे पोरांना सांगता आलं नाही.

पतंग मारायला आम्ही इथाइल ॲसिटेट वापरलं होतं. पाय मेडिकलच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये ठेवले आणि दोन महिने कपाटात होते. पैसे लोकांचे आहेत, पोरांची मेहनत आहे. पुन्हा पाठवायच्या आधी नीट समजून घ्यायचंय. चूक मारण्यात झाली, ठेवण्यात झाली की पाय निवडण्यात?

पेट्रीडिश

ताई, चूक पाय निवडण्यात नाही. पायच घेतात, कारण पंख शाबूत राहतात आणि नमुना पुढे तपासता येतो. बिघडलं ते आधीच्या दोन पायऱ्यांवर. इथाइल ॲसिटेटने मारलेल्या किड्यांचा डीएनए लवकर तुटतो. त्यापेक्षा पतंग डबीत घालून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. दुकानातल्या स्पिरिटात पाणीही असतं आणि इतर रसायनंही. पाय ठेवायचे तर ९५ टक्क्यांच्या शुद्ध इथेनॉलमध्ये, नाहीतर पूर्ण कोरडे, सिलिका जेलच्या दाण्यांसोबत हवाबंद कुपीत. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. तुमच्याकडचा पावसाळा बघता कोरड्या पद्धतीत कुपीचं झाकण घट्ट हवं. आणि फॉर्मॅलिन चुकूनही नको.

बारकोड म्हणजे नेमकं काय ते पोरांसाठी सांगतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सीओआय नावाचं जनुक असतं. त्याचा सुरुवातीकडचा ६५८ अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवून वाचतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने २००३ मध्ये ही कल्पना मांडली, तीही पतंगांवर काम करूनच. एका जातीतल्या पाखरांत हा तुकडा जवळजवळ सारखा असतो, दोन जातींत सहसा दोन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. डीएनए तुटलेला असला की ६५८ अक्षरांचा सलग धागा उरतच नाही, म्हणून तुमचे २७ पाय गेले.

ज्याला नाव मिळालं नाही तो वाया गेलेला नाही. 'बोल्ड' या बारकोड-संग्रहात त्या जातीचा नमुना आधी कुणी दिलेलाच नसेल तर जुळणार कशाशी? क्रम चांगला असेल तर तिथे त्याच्या गटाला एक क्रमांक मिळतो, नाव नंतर जोडता येतं. आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलातल्या पतंगांच्या बाबतीत हे वारंवार होईल, त्याची तयारी ठेवा.

वोल्बाकिया हा किड्यांच्या पेशींत राहणारा जिवाणू, आईकडून अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. त्याच्याकडेही सीओआयचा भाऊबंद आहे. पतंगाचा स्वतःचा डीएनए खराब झालेला असला की कधीकधी पीसीआरमध्ये त्याचाच तुकडा वाढतो. पोरांना सांगा, पाहुण्याचा आधार क्रमांक आला, घरमालकाचा नाही.

कोसेवाला

भंडाऱ्याकडून. पिढ्यान्‌पिढ्या येनाच्या (ऐनाच्या) झाडावर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पाळणाऱ्या ढिवर घरातला आहे, म्हणून विचारून राहिलो. टसरचे पतंग जंगलातलेही येतात का तुमच्या चादरीवर? आमच्याकडे मादी पिवळसर, नर विटकरी, आणि पंखावरचा तो काचेसारखा पारदर्शक डोळा. जंगली आणि पाळलेला कोसा एकच की वेगळा हे या बारकोडने कळेल काय? नराला मादीचा वास लांबून लागतो, जंगली नर आमच्या माद्यांकडे येतात हे आम्ही पाहत आलो आहोत.

पेट्रीडिश

दादा, तुमच्या प्रश्नाला बारकोड अपुरा आहे. दोन्ही अँथेरिया मायलिटा या एकाच जातीचे, त्यामुळे तुकडा बहुतेक सारखाच येईल. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणजे जंगली नर आला तरी त्याची खूण या तुकड्यात उमटणारच नाही. त्यासाठी केंद्रकातला डीएनए बघावा लागतो. पण तुमचं निरीक्षण मोलाचं आहे, तारीख-वार लिहून ठेवाच.

टाचणी

मी संग्रहालयात टाचण्या टोचण्याचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे माझं बोलणं पतंगाच्या उरलेल्या अंगाबद्दल. ताई, तुम्ही पाय पाठवलेत, पण ते ३२ पतंग आता कुठे आहेत? टाचणीवर, पंख पसरून, प्रत्येकाखाली गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, दिव्याचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी हवी. पायाच्या कुपीवर तोच नंबर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. क्रम आला आणि पतंगच सापडला नाही तर त्या क्रमाला कुणी विचारत नाही. बऱ्याच जातींत शेवटचा निवाडा पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांवरून होतो, तिथे डीएनए नुसता बोट दाखवतो.

उलटही होतं. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्टेच्या जंगलात अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्गरेटर नावाचं एक फुलपाखरू एकच जात समजलं जायचं. तिथे वर्षानुवर्षं अळ्या पाळून कोणती अळी कोणत्या झाडावर होती याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. २००४ मध्ये बारकोड लावल्यावर ते दहा जातींचं निघालं. अळ्यांचे रंग आणि झाडं वेगवेगळी होती म्हणून बारकोडच्या निकालावर विश्वास ठेवता आला. तुम्ही पोरांकडून अळ्या पाळून घेताय, ते सोडू नका. मला ते चादरीपेक्षा मोठं काम वाटतं.

चिमटा एका पायावरून दुसऱ्यावर जाताना पुसून स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. दर वेळी एकाच बाजूचा पाय घ्या. प्रयोगशाळेला ९६ खळग्यांची, एका खळग्यात एक पाय ठेवायची तबकडी पाठवणार असाल तर ९५ पाय आणि एक खळगा मुद्दाम रिकामा. रिकाम्यातून काही आलं तर कुठेतरी सरमिसळ झाली असं समजायचं.

परवानगीचं बघून घेतलंत हे बरं केलंत. फक्त नमुने परदेशी पाठवायची वेळ आली तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागेल. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, आधी तिथे विचारा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र या पत्रावर जाऊ नका, तिथली परवानगी वेगळी.

सागवनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने पतंग थर्माकोलवर टोचलेले आहेत, पण चिठ्ठीवर फक्त तारीख आहे. गाव आणि दिवा दोन्ही एकच असल्यामुळे बाकीचं वहीतून भरता येईल, उद्याच बसतो. त्यांचा दुसरा पाय काढून पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे का?

पेट्रीडिश

इथाइल ॲसिटेटवालेच ना? दोन-तीन पाठवून बघा, पण वर्गणी त्यावर घालवू नका. जुन्या नमुन्यांतून सबंध ६५८ मिळाला नाही तरी लहान तुकडा वाचता येतो, फक्त प्रयोगशाळेला तसं आधी सांगावं लागतं. पैसे नव्या पतंगांसाठी ठेवा. आणि ते रोजच्या ओळखीचे, केशरी पट्टेवाले चार-पाच त्यात नक्की घाला. हायब्लिया प्युएरा असणार ते. ज्याचं नाव आधीच माहीत आहे त्याचं उत्तर बरोबर आलं, तर बाकीच्या तबकडीवर भरवसा ठेवता येतो.

सागवनकाठ

हे फार चांगलं सुचवलंत. शेवटचं एक विचारते. सागावरच्या ज्या अळ्या आम्ही बरण्यांत पाळल्या, त्यांतल्या दोन कोषातच गेल्या नाहीत. पिवळ्या पडल्या, मऊ झाल्या, आणि आठवड्याने बरणीत करड्या रंगाच्या केसाळ माश्या फिरत होत्या, खाली तपकिरी दाण्यासारखे रिकामे कोष. अळ्या मेल्या म्हणून पोरं हिरमुसली आणि बरणी धुवायला निघाली होती. मी थांबवलं. माश्या सध्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचाही पाय ठेवू का?

टाचणी

ठेवा, आणि बरणी धुऊ नका. अळीच्या आत वाढणारी माशी आहे ती, सागाची पानं वाचवणारी. तिचाही सीओआय तसाच वाचता येतो. अळीची वाळलेली कातडी आणि ते रिकामे कोष वेगळ्या कुपीत घाला. अळी आणि माशीला एकच नंबर द्या, पुढे फक्त 'अ' आणि 'ब'. कोणत्या झाडावरची अळी होती, तेही त्याच चिठ्ठीवर.