घरात कासवं ठेवायला काय घ्यावं? (इंग्लंड, बजेट १५० पाउंड)

चाफेकळी: आम्ही कोव्हेंट्रीत राहतो, पहिल्या मजल्यावर, बाग नाही. नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ कायमचे स्पेनला चाललेत, त्यांची हॉर्सफील्ड जातीची दोन कासवं आमच्याकडे येणार आहेत. दोन्ही नर, वितीएवढी. त्यांची पेटी तळातून कुजली आहे. हॉलमध्ये सहा फूट बाय तीन फूट जागा मोकळी आहे. दिवे धरून १५० पाउंडांत बसवायचं आहे. काचेचं घ्यावं, लाकडी बंद पेटी की उघडं टेबल? अनुभवाचं सांगा.

गोदाकाठ: लाकडी व्हिवेरियमच (बंद पेटी) घ्या, पुढे सरकत्या काचा असलेलं. आमचं चार फुटी, ३४० पाउंडांना पडलं. सहा वर्षं झाली, फळी फुगलेली नाही, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो कुठून आणलं म्हणून. जिवाच्या बाबतीत काटकसर करू नये.

चाफेकळी: धन्यवाद, पण बजेट १५० आहे.

गोदाकाठ: हप्त्यावर मिळतं.

पानझड: कासवाला काच कळत नाही हो. पलीकडे रस्ता आहे असंच त्याला वाटतं. आमचं दिवस दिवस कोपऱ्यात उभं राहून काचेवर पुढचे पाय घासायचं, नखं बोथट झाली. शेवटी खालच्या सहा इंचांना बाहेरून ब्राऊन पेपर चिकटवला आणि त्याच संध्याकाळी ते निमूट मातीत जाऊन झोपलं. पुढे उघडं टेबलच केलं. पुस्तकांचं जुनं कपाट २० पाउंडांना मिळालं, फळ्या काढल्या, पाठीवर आडवं टाकलं, आतून बागेतल्या तळ्याला अंथरतात ते जाड प्लास्टिक लावलं. ओली माती थेट लाकडावर टाकलीत तर तुमचंही कुजेल.

कृष्णाकाठचा: आमच्याकडे पाच वर्षांपासून कासव आहे. अडीच फुटी काचेची टाकी, अर्धी पाण्याने भरलेली, चांगला फिल्टर. पाणी दर आठवड्याला बदला, बाकी काही करावं लागत नाही.

पानझड: दादा, तुमचं पाण्यातलं, कानामागे लाल पट्टा असलेलं असणार. हे जमिनीवरचं आहे, खोल पाण्यात बुडून मरेल. आपल्याकडे दोघांनाही कासवच म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. चाफेकळी, पाण्याची उथळ बशी ठेवा, त्याची हनुवटी वर राहील एवढीच.

कृष्णाकाठचा: जमिनीवरचंही पाहिलंय. मामांच्या वाड्यात होतं, पाठीवर चांदण्या असलेलं. न्हाणीघराजवळ मोकळं फिरायचं, कसली पेटी नि कसला दिवा. मस्त जगलं.

रानवाट: ते स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आहे, घरात पाळणं गुन्हा आहे. आजही ही पिल्लं बॅगांत कोंबून विमानतळावरून बाहेर नेतात, बरीच वाटेत मरतात. कौतुकाने सांगू नका.

कृष्णाकाठचा: मामा वारले, कासवही गेलं. मी फक्त आठवण सांगितली.

शेवंती: पेटीवरून वाद घालताय, पण जीव दिव्यावर आहे. मी १८ वर्षं कासवं ठेवतेय. दोन दिवे हवेत. एक ऊब देणारा, त्याच्याखाली दगडी फरशी ठेवा, फरशीवर ३२ ते ३५ अंश भरले पाहिजेत. दुसऱ्या टोकाला २०-२२, म्हणजे त्याला हवं तेव्हा गारव्याला जाता येतं. दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, लांब ट्यूब घ्या. खिडकीतून ऊन येतं म्हणून ट्यूब टाळू नका, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब दिसायला लख्ख असली तरी वर्षभरात तिचा जोर संपतो, डब्यावर तारीख लिहून ठेवा. माझ्या पहिल्या कासवाची पाठ मऊ पडली ती याच चुकीने. अंगठ्याने दाबलं की कडेचं कवच आत जायचं.

तिठा: आणि दिवा चिमट्यावर लावू नका! आमचा रात्री निसटून कोरड्या नारळाच्या भुशावर पडला. तळहाताएवढा काळा डाग, घरभर धूर. कासव दुसऱ्या टोकाला होतं म्हणून वाचलं. साखळीने टांगा, होल्डर सिरॅमिकचाच हवा.

गोदाकाठ: बंद व्हिवेरियममध्ये दिवा पडत नाही. म्हणून म्हणतोय.

रानवाट: हॉर्सफील्ड कझाकस्तान-उझबेकिस्तानकडचं, गवताळ माळरानातलं. १९६८ साली सोव्हिएत रशियाने झोंद ५ यानातून चंद्राला फेरी मारून आणलेली दोन कासवं याच जातीची. काटक प्राणी आहे, पण स्वभाव खणायचा. माळावर उन्हाळा नि हिवाळा दोन्ही जमिनीखाली काढतं. माती निदान सहा इंच हवी, खतविरहित माती आणि खेळायची वाळू मिसळून. दोन नर मात्र एकत्र अजिबात नको.

पानझड: दोन नर नको, हेच लिहायला आले होते. एक दुसऱ्याला धडका देत उलटं पाडतं, पुढच्या पायांना चावतं. एक कुणाला तरी देऊन टाका.

शेवंती: सहमत. एक देऊन टाका.

गोदाकाठ: किंवा दोन व्हिवेरियम घ्या.

चाफेकळी: सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं आमचं. कासव एकही देणार नाही, आणि पेटीही घेत नाही. लेकीचा लहानपणीचा पलंग माळ्यावर पडून होता, सहा फूट बाय तीन. गादी काढली, खाली प्लायवूड ठोकलं, चारही बाजूंना फूटभर उंच फळ्या, आतून तळ्याचं प्लास्टिक. मधोमध आडवी जाड फळी, आरपार काही दिसणार नाही अशी. दोघांना तीन बाय तीन. ट्यूब मधोमध लांबीने, ऊब देणारे दिवे दोन टोकांना, साखळीवर. दिवे आणि होल्डर ९५, प्लाय-फळ्या ३०, प्लास्टिक-माती-वाळू २०. एकूण १४५ पाउंड. काल रात्री दोघंही आली. मोठ्याने तासाभरात फळीच्या कडेने खणायला सुरुवात केली, धाकटा अजून पाय आत घेऊन फरशीवर बसलाय.

रानवाट: फळीच्या कडेने खणतंय म्हणजे खालून पलीकडे जाईल. फळी मातीखाली तळापर्यंत टेकलीये ना?

चाफेकळी: नाही, वरवर रोवली आहे. आत्ता उठून बघते.