वॉल्झ की शपिरो? हॅरिसबाईंची निवड चुकली असं मला वाटतं

डेलावेअरकाठ :

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. २०२४ ची निवडणूक होऊन गेली, पण आमच्याकडे दोन मराठी घरं जेवायला एकत्र आली की ताक वाढेपर्यंत विषय फिरून तिथेच येतो. कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदासाठी आमच्या पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना सोडून मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना का घेतलं? माझ्या मते ती चूक होती, आणि समोर सगळं स्वच्छ दिसत असताना केलेली चूक होती.

बायडन २१ जुलैला बाजूला झाले, वॉल्झ यांचं नाव ६ ऑगस्टला जाहीर झालं. एरवी ज्या कामाला महिनोन्‌महिने जातात ते सोळा दिवसांत उरकावं लागलं, हे मान्य. पण त्याच संध्याकाळी दोघांची पहिली सभा कुठे झाली? आमच्या गावात, टेम्पल विद्यापीठात. मी गेलो होतो. शपिरो बोलायला उभे राहिले आणि सभागृह दणाणलं. पद हुकलं त्याच दिवशी तो माणूस दुसऱ्यांसाठी घसा फोडून बोलत होता. मला तेव्हाच वाटलं, घरचा माणूस मांडवात उभा आहे आणि आपण बाहेरून पाहुणा आणलाय.

ते 'घरचे' का वाटतात तेही सांगतो. जून २०२३ मध्ये टँकर पेटून आय-९५ महामार्गाचा पूल कोसळला. मी रोज त्या रस्त्याने कामाला जायचो. सगळे धरून चालले होते की आता काही महिने वळसा. शपिरोंनी काचेच्या भंगारापासून केलेला हलका भराव घालून बारा दिवसांत वाहतूक सुरू केली. काम चालू असताना चोवीस तास कॅमेरा लावला होता, आमच्या घरी रात्री जेवताना आम्ही ते बघायचो. सरकार वेळेत काही करू शकतं, हे माझ्या मुलांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

२०२२ साली हा माणूस जवळजवळ १५ टक्क्यांच्या फरकाने निवडून आला. त्यात ट्रम्प यांना मत देणारेही होते, माझ्या गल्लीतच आहेत. आणि २०२४ ला पेनसिल्व्हेनिया गेलं कितीने? सुमारे १ लाख २० हजारांनी. ७० लाखांत! १९ इलेक्टोरल मतं (राज्याराज्याला वाटून दिलेली, अध्यक्ष ठरवणारी मतं) त्या फरकावर गेली.

मिनिआपोलिसकर :

असहमत. तुम्ही शपिरोंबद्दल प्रेमाने लिहिलंय, म्हणून मीही आमच्या माणसाबद्दल तसंच लिहिते.

वॉल्झ मॅन्काटोच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि फुटबॉल संघाला तयार करायचे. चोवीस वर्षं नॅशनल गार्ड या राखीव सैन्यात काढली. २०२३ साली त्यांनी कायदा केला की सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला नाश्ता आणि जेवण फुकट, बापाची मिळकत न विचारता. तुमच्यापैकी जे भारतात शिकले त्यांना यात विशेष वाटणार नाही, शाळेतली खिचडी आपल्याला माहीत आहे. पण इथे कॅफेटेरियात मुलांच्या नावावर जेवणाची उधारी चढते. माझ्या मुलीची एक मैत्रीण दुपारी "भूक नाही" म्हणायची. कायदा आल्यावर तिला रोज भूक लागायला लागली. हे मी घरात ऐकलंय, त्यामुळे वॉल्झ म्हणजे नुसता हसरा चेहरा असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आणि ते निवडले गेले कशामुळे? जुलैमध्ये टीव्हीवर येऊन त्यांनी समोरच्या पक्षाला सरळ 'विचित्र' म्हटलं. आठ वर्षं डेमोक्रॅट मंडळी 'लोकशाहीला धोका' वगैरे भाषणं देत होती, आणि या मास्तरांनी ओट्यावर बसून बोलावं तसा एक शब्द वापरला, जो देशभर पसरला.

आकडेमोड :

भावना बाजूला ठेवून बेरीज करू. हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मतं मिळाली. पेनसिल्व्हेनियाची १९ मिळवली तर २४५. जिंकायला लागतात २७०. म्हणजे शपिरोंनी आपलं राज्य पूर्ण जिंकून दिलं असतं तरी निकाल तोच राहिला असता.

शिवाय उमेदवाराचा जोडीदार स्वतःचं राज्य आणून देतो ही समजूतच फार तकलादू आहे. १९८४ मध्ये मॉन्डेल यांनी न्यूयॉर्कच्या जेराल्डिन फेरारो घेतल्या, न्यूयॉर्क गेलं. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी टेक्सासचे बेंट्सन घेतले, टेक्सास गेलं. २००४ मध्ये केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, २०१२ मध्ये रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन. दोन्ही राज्यं गेली.

डेलावेअरकाठ :

@आकडेमोड, १९६० सोयीस्करपणे गाळलंत. केनेडींनी लिंडन जॉन्सन घेतले नसते तर टेक्सास मिळालं असतं का? फरक फक्त ४६ हजारांचा होता.

आणि तुमची बेरीज अर्धी आहे. २२६ मध्ये पेनसिल्व्हेनिया १९, मिशिगन १५ आणि विस्कॉन्सिन १० घाला. बरोबर २७०. विस्कॉन्सिन गेलं २९ हजारांनी, मिशिगन ८० हजारांनी. तिन्ही मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास मतं. ही तीन राज्यं बहुतेक वेळा एकत्रच वाहतात. पेनसिल्व्हेनियात घट्ट पाय रोवून उभा असलेला माणूस जोडीला असता, तर प्रचाराचा पैसा आणि दिवस दुसरीकडे वळवता आले असते.

आकडेमोड :

१९६० गाळलं नव्हतं, आता सांगतो. केनेडींना ३०३ मतं मिळाली. टेक्सासची २४ काढा, २७९ उरतात. तेव्हा ५३७ पैकी २६९ लागत होती. म्हणजे जॉन्सन यांचं एकटं टेक्सासही निर्णायक नव्हतं. दक्षिणेतल्या इतर राज्यांत त्यांचा उपयोग झाला, असं म्हणा; ते मी मान्य करीन. पण मग मुद्दा 'राज्य आणणारा' असा राहत नाही, 'कोणत्या लोकांना धीर देणारा' असा होतो.

मिशिगनचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. डिअरबॉर्नमध्ये अरब मतदार गाझामुळे आधीच संतापलेले होते. शपिरो असते तर तिथे आणखी खड्डा पडला असता.

रानजाई :

इथे मला थांबवावंसं वाटतं. शपिरो ज्यू आहेत. इस्रायलबद्दल त्यांची मतं आणि वॉल्झ यांची मतं यांत त्या उन्हाळ्यात असा काय डोंगराएवढा फरक होता? विद्यार्थी असताना पॅलेस्टिनींबद्दल त्यांनी लिहिलेला एक लेख बाहेर काढला गेला, तो वाईटच होता. विद्यापीठांतल्या निदर्शकांवर ते फार कडक बोलले, तेही मला पटलं नाही. त्यावर जरूर टीका करा. पण 'खड्डा पडला असता' हे वाक्य कुठे धोरणावरून सुरू होतं आणि कुठे आडनावावर येऊन थांबतं, हे बोलणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, वल्हांडण सणाच्या रात्री हॅरिसबर्गला त्यांच्या सरकारी निवासस्थानाला आग लावण्यात आली. कुटुंब आत झोपलेलं होतं.

हॅरिस यांनी नंतर पुस्तकात स्वतःच लिहिलं की त्यांची पहिली पसंती बायडन यांचे वाहतूकमंत्री पीट बुटिजिज होते, पण एक कृष्णवर्णीय स्त्री आणि जोडीला समलिंगी पुरुष हे लोकांना झेपणार नाही असं वाटून त्यांनी पाऊल मागे घेतलं. ते वाचून मला वाईट वाटलं. ज्या बाईला आयुष्यभर 'लोकांना झेपेल का' या प्रश्नाने मोजलं गेलं, तिने तोच प्रश्न दुसऱ्याला लावला. मी लग्न करून ओहायोत आले तेव्हा ऑफिसात मला ग्राहकांसमोर पाठवायला कचरायचे, माझे उच्चार 'त्यांना कळणार नाहीत' म्हणून. ग्राहकांना कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटतं, वॉल्झ ही भीतीतून केलेली निवड होती. वॉल्झ वाईट म्हणून नव्हे.

मिनिआपोलिसकर :

@रानजाई, बुटिजिजबद्दल तुमच्याशी सहमत. पण शपिरोंच्या बाबतीत त्याच पुस्तकात दुसरंही कारण आहे. त्यांना प्रत्येक निर्णयाच्या वेळी खोलीत हजर राहायचं होतं, आणि उपाध्यक्ष म्हणजे सहअध्यक्ष नव्हे हे त्यांना सांगावं लागलं, असं त्या लिहितात. शपिरोंच्या बाजूने हे नाकारलं गेलंय. तरी ज्याच्याबरोबर चार वर्षं काढायची त्याच्याशी सूर जुळतो का, हे बघणं म्हणजे भीती नव्हे.

सांगलीचा मास्तर :

मी इथे वाचनापुरता असतो, पण एक शंका विचारतो. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना खासदार वेगळे निवडतात, ते राज्यसभा चालवतात, त्यांच्यावरून कुणी राष्ट्रपतीला मत देत नाही. तिकडे या पदावर एवढा खल का? अधिकार तर फारसे नाहीत म्हणतात.

गोदावरी :

मास्तर, तुमच्या प्रश्नातच धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९६९ मध्ये डॉ. झाकीर हुसेन गेले, तेव्हा उपराष्ट्रपती गिरी काळजीवाहू म्हणून आले आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागली. अमेरिकेत तसं नाही. अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष. आजवर नऊ जण असे मधूनच अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये रूझवेल्ट यांची तब्येत ढासळलेली होती, पक्षातल्या बड्यांना ते दिसत होतं, म्हणून तर तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस यांना काढून ट्रूमन यांना आणण्याची धडपड झाली. तरीही निवडून आल्यावर रूझवेल्ट यांनी ट्रूमनना जवळ बसवून काही सांगितलं नाही. ८२ दिवस उपाध्यक्ष राहिलेल्या या माणसाच्या हातात १२ एप्रिल १९४५ ला चालू महायुद्ध आलं, आणि अणुबॉम्बचा तपशील त्यांना त्यानंतर कळला. चार महिन्यांत हिरोशिमा. मला हा प्रसंग आठवला की 'राज्य कुणी आणलं' हा प्रश्न फार लहान वाटतो.

अधिकारांचं म्हणाल तर संसदेचं वरचं सभागृह, सिनेट, ५०–५० असली की उपाध्यक्षाचं मत सगळं ठरवतं. हॅरिस यांनी असं निर्णायक मत ३३ वेळा दिलं, आजवरचा उच्चांक. २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा मोठा कायदा त्यांच्याच मताने पार झाला.

माझी कसोटी एकच: उद्या सकाळी अध्यक्ष नसेल तर हा माणूस चालेल का? २००८ मध्ये मकेन यांनी सेरा पेलिन यांचं नाव जाहीर केलं त्या दिवशी मकेन ७२ वर्षांचे झाले. पेलिनबाईंना अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धकैदी म्हणून साडेपाच वर्षं काढलेल्या, देशाला इतकं जपणाऱ्या माणसाने देशालाच असं टांगणीला लावावं, याचं मला आजही दुःख होतं. या कसोटीवर शपिरो आणि वॉल्झ दोघेही उतरतात. म्हणून ही निवड मला घोडचूक वाटत नाही, पण खऱ्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही हे खटकतं.

डेलावेअरकाठ :

गोदावरीताई, ट्रूमन यांचा मुद्दा मनाला लागला. पण माझी अडचण अशी, की निवडून आल्याशिवाय ती कसोटी कागदावरच राहते. ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स आणि वॉल्झ यांचा वादविवाद आठवा, १ ऑक्टोबर. १९८९ मध्ये चीनने तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं त्या वेळी आपण हाँगकाँगला होतो या जुन्या दाव्याबद्दल विचारलं तेव्हा वॉल्झ चाचपडत राहिले. सरकारी वकिली करून आलेला शपिरो असता तर व्हान्स यांना इतकं सोपं गेलं असतं?

मिनिआपोलिसकर :

नसतं गेलं. मी तो कार्यक्रम बघताना उठून स्वयंपाकघरात गेले होते, हे प्रामाणिकपणे सांगते.

पण त्याला वॉल्झ एकटे जबाबदार नाहीत. ज्या 'विचित्र' शब्दामुळे त्यांना घेतलं तो ऑगस्ट संपेपर्यंत प्रचारातून जवळपास नाहीसा झाला. शाळेच्या मैदानावर वाढलेल्या माणसाला तोलून-मापून बोलायला लावलं. पुढे सप्टेंबर गेला, ऑक्टोबर उजाडला, आणि आमचा मास्तर परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसायला लागला.

आणखी एक गोष्ट, माझ्या बाजूच्या विरोधात जाणारी. मिनेसोटात २०२० ला बायडन सात टक्क्यांनी पुढे होते, २०२४ ला हॅरिस चार टक्क्यांनी. मॅन्काटो ज्या ब्लू अर्थ काउंटीत आहे, जिथे त्यांनी इतकी वर्षं मुलं शिकवली, ती काउंटीही ट्रम्प यांच्याकडे गेली.

डेलावेअरकाठ :

ब्लू अर्थचं मला माहीत नव्हतं. आकडेमोड यांची यादी त्याने आणखी लांबली, आणि माझ्या मुद्द्याला धक्का बसला, हे मान्य करतो. जिथे एकेकाळचा विद्यार्थी आज मतदार आहे, तिथेच सरांचं नाव पुरलं नाही, तर शपिरोंचं नाव आमच्या राज्यातल्या ॲलेनटाउन आणि एरीला पुरलं असतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

तरी आय-९५ चा तो पूल मी सोडणार नाही. किराणा महागला म्हणून चिडलेल्या माझ्या शेजाऱ्याला पटवायला हॅरिस यांच्याकडे त्या बारा दिवसांसारखं दाखवण्याजोगं एकही उदाहरण नव्हतं, आणि ते त्यांच्या हाताशी होतं.

आकडेमोड :

हा मुद्दा मला मान्य आहे. फक्त ते उदाहरण सांगायला शपिरोंना तिकीट द्यायलाच हवं होतं का?

रानजाई :

हो, द्यायलाच हवं होतं. त्या रात्री टेम्पलला त्यांनी भाषण केलंच की. घरी जाताना लोकांच्या लक्षात काय राहिलं, ते धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय.